मला अजून दुकानात बसायचंय

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न :

ताई, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला. वय ६१. गावात बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, पंचवीस वर्षं झाली. चार एकर केळी, थोडा कापूस. मागच्या खरिपात एका गिऱ्हाइकानं उधारीचे साडेतीन हजार रुपये दिले. मी घेतले, गल्ल्यात टाकले, वहीत लिहायचे राहिले. आठ दिवसांनी त्यालाच चार माणसांत पैसे मागितले. मुलाच्या देखत दिले होते त्यानं, तरी मी भांडलो. त्याच्या बापापासूनचं आमचं खातं होतं. आता तो दुकानाची पायरी चढत नाही.

दिवाळीच्या सुमारास अडावदहून मोटारसायकलवर घरी येत होतो. रोजचा फाटा. तिथे थांबलो आणि कोणीकडे वळायचं तेच सुचेना. घरी सांगितलं, चकवा लागला. भरदुपारी डांबरी रस्त्यावर कसला चकवा लागतो, ताई? मग मुलानं जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय झाला, रक्त तपासलं, बी-१२, थायरॉइड, साखर, सगळं. मला घड्याळ काढायला लावलं. गोल काढला, आकडे घातले, पण अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे कुठे लावायचे ते जमेना. डॉक्टर म्हणाले अल्झायमर आहे, सुरुवातीची अवस्था आहे. डोनेपेझिलची पाचची गोळी दिली, रात्री घ्यायची. तेव्हापासून अशी स्वप्नं पडतात की घाबरून उठून बसतो.

घरात प्रत्येकाचं वेगळं मत. बायको म्हणते कोणाला सांगू नका, मुलीचं जमवायचं चाललंय, घराण्यात येड आहे म्हणतील. मुलगा म्हणतो दुकानात येऊ नका, आराम करा. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या नव्या इंजेक्शनचं वाचलंय, दीड एकर विकू म्हणतो. चुलतभाऊ म्हणतो आधी बाहेरचं बघून घ्या. मला कोणी विचारत नाही. माझ्याकडे किती दिवस आहेत, आणि त्या दिवसांत मी काय करू?

हे पत्र आधी पाठवलं असेल तर माफ करा. नक्की आठवत नाही.

– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर :

भाऊ,

‘मला कोणी विचारत नाही’ इथपर्यंत आले आणि तुमचं पत्र खाली ठेवलं. त्या दिवशी उत्तर लिहायला बसलेच नाही. कारण माझ्या घरात हेच झालं होतं आणि न विचारणारी मीच होते.

माझे यजमान रेल्वेत गार्ड होते, भुसावळला. मी सिस्टर म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, म्हणजे आजारपण मला नवं नव्हतं. ते ६६ वर्षांचे असताना सुरू झालं. पहिल्या डॉक्टरांनी ‘वयामुळे होतं’ म्हणून टॉनिक लिहून दिलं, त्यात वर्ष गेलं. दुसऱ्यांनी निदान केलं, पण मला केबिनबाहेर बोलावून सांगितलं. ते आत खुर्चीवर बसलेले. मी आत गेले आणि म्हणाले, ‘काही नाही, अशक्तपणा आहे.’ पुढे दोन वर्षं मी नातेवाइकांना बीपीच सांगत राहिले. लग्नाकार्याला त्यांना नेणं बंद केलं, कारण एका लग्नात त्यांनी सख्ख्या साडूला ओळखलं नाही आणि लोक म्हणाले, गार्डसाहेबांना पेन्शनचा माज आलाय. ते गेल्यावर त्यांची खिशातली डायरी हाती लागली. नातवंडांची नावं, आमच्या गल्लीचं नाव, माझं नाव, सगळं लिहून ठेवलेलं. एका पानावर एवढंच : ‘मला काय झालंय ते कोणी सांगत नाही.’

त्यांना माहीत होतं, भाऊ. हातातून काहीतरी निसटतंय हे माणसाला कळतं, आणि या आजाराच्या सुरुवातीला तर चांगलंच कळतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर नाव घेतलं हे मला फार बरं वाटलं. ते नाव आता तुमचं आहे. कोणाला सांगायचं, कोणाला नाही, हे तुम्ही ठरवायचं.

तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगते. साडेतीन हजार गल्ल्यात आले, पण वहीत चढले नाहीत. मेंदूत नेमकं हेच होतं. रोजच्या नव्या गोष्टींची नोंद करणारा जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला, तिथे आणि आजूबाजूला हा आजार आधी शिरतो. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर पेशींच्या बाहेर साचतात, टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते पेशींच्या आत होतात आणि पेशी मरत जातात. त्यामुळे रोजमेळ लिहिला जात नाही. मागच्या वीस-तीस वर्षांच्या खातेवह्या मात्र कपाटात बराच काळ शाबूत असतात. त्या गिऱ्हाइकाशी तुम्ही भांडलात ते खोटेपणानं नाही. तुमच्या वहीत ती नोंदच नव्हती.

एवढ्या लवकर कसा, असंही तुमच्या मनात असणार. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या बाईवरून हा आजार १९०६ साली जगापुढे मांडला, ती १९०१ मध्ये त्यांच्या दवाखान्यात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. ६५ च्या आत होणारे कमी असतात, पण असतात. ‘सुरुवातीची अवस्था’ ही गोष्ट वेगळी. तिचा अर्थ, अजून बरंच काही तुमच्या हातात आहे. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे, आणि त्यात खेड्यांतलं प्रमाण शहरांपेक्षा जास्त निघालं. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात तुमच्यासारखे कितीतरी असतील. त्यांच्याही घरचे बीपीच सांगत असतील.

किती दिवस, हे कोणी मोजून देऊ शकत नाही. निदानानंतर कोणी चार-पाच वर्षं काढतो, कोणी पंधरा-वीस. चाल ज्याची त्याची वेगळी. पण स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा काळ त्याहून आखूड असतो, म्हणून पुढचं सगळं घाईनं सांगते आहे.

दुकानापासून सुरुवात करते. मुलाचं ‘आराम करा’ हे मायेपोटी आहे, पण ते मान्य करू नका. माणूस घरात कोंडला की तो खचतो, आणि खचलेला माणूस आणखी विसरतो. दुकानात बसा, फक्त काम बदला. पैसे घेणं आणि वही लिहिणं मुलाकडे. तुमच्या हातात रोख आलीच तर पावती फाडल्याशिवाय ती गल्ल्यात जाणार नाही, असा नियम करा. आणि एक गोष्ट कडक सांगते : औषधाची बाटली तुमच्या हातून एकट्यानं गिऱ्हाइकाला जायला नको, पंपाला किती मिली टाकायचं तेही तुम्ही एकट्यानं सांगू नका. तणनाशक आणि कीटकनाशक यांची अदलाबदल झाली तर एखाद्याचं उभं पीक जळेल. घरातली औषधंसुद्धा कुलपात जाऊ द्या, किल्ली बायकोकडे. आज नाही, पण पुढे कधी तहान लागली म्हणून चुकीची बाटली तोंडाला लागू शकते. मी दवाखान्यात असे पेशंट पाहिलेत, म्हणून लिहिते.

मग तुमच्याकडे उरलं काय? पुष्कळ. कोणत्या शिवारात पाणी साचतं, कोणाची जमीन चुनखडीची, कोणाच्या केळीवर दोन वर्षांपूर्वी करपा आला होता, हे तुमच्या मुलाला माहीत नाही. ते जुन्या खातेवह्यांत आहे. माझे यजमान सकाळी नाश्ता केला की नाही हे विसरायचे, पण सुरत लाइनची स्टेशनं विचारली की जळगाव, पाळधी, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, एकही चुकायचे नाहीत. आजार पुष्कळ पुढे गेल्यावरही. मी ते कधी लिहून घेतलं नाही, त्यांच्या ड्यूटीतल्या गोष्टीही नाहीत. तुम्ही मुलाला शेजारी बसवा आणि एकेका गिऱ्हाइकाची, एकेका शिवाराची माहिती सांगा. त्यानं लिहावी.

त्या जुन्या गिऱ्हाइकाकडे स्वतः जा. मुलाला बरोबर घ्या. काय आजार आहे ते सांगा आणि चूक माझी होती म्हणा. हे मी पहिल्यांदा करायला सांगते, कारण हे आता तुमच्या तोंडून होऊ शकतं. दोन वर्षांनी मुलगा सांगेल, आणि त्याच्या सांगण्याला तेवढं वजन नसेल.

आता बायकोचं म्हणणं. वहिनींची भीती मला समजते, त्यांना एका शब्दानंही दोष देऊ नका. पण हा आजार म्हणजे वेड नव्हे, आणि तो ‘घराण्यात’ असतोच असं नाही. चाळिशी-पन्नाशीतच माणसं विसरायला लागतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच होतं, अशी फारच थोडी घराणी जगात आहेत. तिथे एका जनुकातला दोष मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते. तुमच्या आईवडिलांत, चुलत्या-आत्यांत असं कोणी होतं का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. तसं कोणी नसेल तर तुमच्या मुलांना धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त, एवढंच म्हणता येतं. तो रक्तदाब, साखर, तंबाखू आणि कानाचं ऐकणं सांभाळून पुष्कळ कमी करता येतो. मुलीच्या सासरी हे सुपारी फुटायच्या आधी कळलं पाहिजे, आणि तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. ऐकून जे स्थळ मोडेल ते लग्नानंतर तुमच्या मुलीला रोज टोमणे मारणारं घर होतं. आणि मुलीला आधी विचारा. लग्न तिचं आहे.

भाऊबंदकीला सांगायचं तर तुमच्याकडे श्रावणात कानबाई बसत असेल तेव्हा सांगा. सगळे रोट खायला जमलेले असतात, एकदाच सांगून होतं. ‘मला हा आजार आहे. मी तेच तेच विचारलं तर रागावू नका, रस्त्यात चुकलेला दिसलो तर घरी आणून सोडा.’ एवढं पुरे. मी आमच्या शेजाऱ्यांना उशिरा सांगितलं. सांगितल्यानंतर रिक्षावाले यजमानांना दोनदा घरी घेऊन आले. आधी सांगितलं असतं तर ते पहिल्यांदा हरवले तेव्हा रात्रभर शोधावं लागलं नसतं.

मोटारसायकल सोडा. याला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. फाट्यावर थांबलात म्हणून वाचलात, पुढच्या वेळी ट्रकसमोर सुचेनासं होईल. पायी फिरा, रोज अर्धा-पाऊण तास, सोबत कोणीतरी हवं, आणि खिशात नाव, गाव, मुलाचा नंबर लिहिलेलं कार्ड. रात्रीची लाइट आली म्हणून मोटर चालू करायला एकट्यानं विहिरीवर जायचं नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगते, कारण मोठ्या शहरांतले डॉक्टर हे सांगत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो आणि या आजारात तहान लागल्याचं भान कमी होतं. पाणी कमी पडलं की माणूस एकाएकी बरळायला लागतो, घरचे म्हणतात आजार वाढला. माझ्या यजमानांचं एका मे महिन्यात असंच झालं. दोन सलाइन लावल्या आणि चौथ्या दिवशी पूर्ववत बोलायला लागले. त्यानंतर मी दर दोन तासांनी तांब्या समोर ठेवायची, प्यालेलं पाहूनच उठायची. एक-दोन दिवसांत एकदम फरक पडला तर तो अल्झायमर नसतो. पाणी, ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नवी गोळी, काहीतरी वेगळं असतं. लगेच दवाखान्यात जा.

गोळीबद्दल. डोनेपेझिल रात्री घेतल्यावर अशी स्वप्नं बऱ्याच जणांना पडतात. डॉक्टरांना फोन करून ती सकाळी घेऊ का विचारा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. मळमळ, जुलाब, भूक कमी होणं हेही होतं. चक्कर आली किंवा नाडी मंद वाटली तर मात्र थांबू नका, तेव्हाच सांगा. मनानं बंद करू नका. ही गोळी आजार थांबवत नाही, काही काळ कामकाज बरं चालू ठेवते. आणि सर्दीची, खाजेची, झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्यांतल्या काही विसराळूपणा वाढवतात.

इंजेक्शनं खरी आहेत, मुलगा खोटं वाचत नाही. लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये. ती सुरुवातीच्या अवस्थेतच देतात, शिरेतून, पहिलं सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि दुसरं दर चार. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का ते बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. मंदावली, थांबली नाही, आणि गेलेलं परत आलं नाही. तुम्हाला ते चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण विचारायच्या आधी दीड एकराची इसारपावती करू नका. पुढे तुमच्याजवळ दिवसभर एक माणूस लागेल, त्याचा खर्च त्याच जमिनीतून निघायचा आहे. चुलतभावांना नमस्कार सांगा आणि बाहेरचं बघण्यात एक रुपयाही घालू नका.

कागदपत्रांचं आता, या दोन-तीन महिन्यांत. मृत्युपत्र करायचं असेल तर करा. अल्झायमरचं निदान झालं म्हणून तो हक्क जात नाही, सही करताना तुम्हाला समजत असलं म्हणजे झालं. दोन साक्षीदार घ्या, ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे. त्याच सुमाराचा डॉक्टरांचा दाखला जोडा, आणि सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. पुढचे वाद वाचतात. लोक म्हणतील मुलाला मुखत्यारपत्र द्या. द्या, पण एक लक्षात ठेवा : आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्रही संपतं. त्याच्या भरवशावर राहू नका. बँक खातं बायकोबरोबर जोडून घ्या, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं. नॉमिनी लावा. दुकानाचा परवाना तुमच्या नावावर असेल तर पुढे काय करायचं ते कृषी कार्यालयात विचारून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली, पुढे माझे उपचार कसे व्हावेत आणि माझ्या वतीनं कोणी बोलावं, हे आधी लिहून ठेवता येतं. वकिलाला तेही विचारा. कोऱ्या कागदावर सही नाही, फोनवर कोणाला ओटीपी नाही. हे दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहून दुकानातल्या फोनजवळ चिकटवा.

कधी रात्री फार उदास वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, मराठीत बोलतात. वहिनींनाही द्या. त्यांना तुमच्याइतकीच गरज लागेल.

शेवटी तुमचा ताजा कलम. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते : पत्र दोनदा आलं. दोन्हींत नऊ दिवसांचं अंतर आहे आणि मजकूर जवळजवळ तोच. वर छापलंय ते पहिलं. दुसऱ्यात खाली एक ओळ जास्त होती, ‘मला अजून दुकानात बसायचंय.’ म्हणूनच मी उत्तराची सुरुवात दुकानापासून केली आणि तीच ओळ वर मथळ्याला घेतली. माफी कसली मागता? गल्ल्याजवळ एक दिनदर्शिका टांगा आणि पत्र पेटीत टाकलं की त्या तारखेच्या चौकोनात ‘ताईंना पत्र’ असं लिहा. त्या गिऱ्हाइकाकडे जाऊन आलात की मला कळवा.

– ताई